प्रश्न विचारण्याची रीत

प्रश्नोपनिषदांत सहा जिज्ञासु हातीं समिधा घेऊन पिप्पलाद ऋषींकडे येतात, तेव्हां ऋषि लगेच उत्तर देत नाहींत. एक वर्ष व्रतस्थ राहा, मग विचारा, असें सांगतात. प्रश्न विचारण्याचा अधिकार आधीं मिळवावा लागतो, ही कल्पना इतकी जुनी आहे. संगणकाच्या व्यवसायांत, जेथें गुरु अदृश्य व शिष्य लक्षावधि, तेथें ती पुन्हां कशी उदयास आली, तें आम्ही वाचकांपुढें मांडूं इच्छितों.

१९७९ सालीं अमेरिकेंतील ड्यूक विद्यापीठाच्या टॉम ट्रस्कॉट व जिम एलिस या विद्यार्थ्यांनीं ‘यूझनेट’ नांवाची योजना आंखली. निरनिराळ्या ठिकाणचे संगणक टेलिफोनच्या तारेवरून एकमेकांस लेख पाठवीत, व त्यांवर विषयवार चर्चा चाले. दर सप्टेंबरांत विद्यापीठांत नवे विद्यार्थी येत, तेच तेच प्रश्न विचारीत, जुन्यांचीं बोलणीं खात आणि महिन्या-दोन महिन्यांत रीत शिकत. १९९३ नंतर सामान्य जनतेचा लोंढा आला, तो ओसरलाच नाहीं. जुनी मंडळी त्या काळास ‘न संपणारा सप्टेंबर’ म्हणूं लागली. मग शिष्टाचाराचे नियम लेखी झाले. २००१ सालीं एरिक रेमंड यांनीं प्रश्न शहाणपणानें कसे विचारावे यावर एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांतील उपदेश हिताचा आहे: आधीं स्वतः शोधा, नेमकें लिहा, काय करून पाहिलें तें सांगा. स्वर मात्र छडी हातांत घेतलेल्या पंतोजींचा आहे.

२००८ सालीं जेफ ॲटवुड व जोएल स्पॉल्स्की यांनीं प्रोग्रॅम रचणाऱ्यांकरितां ‘स्टॅक ओव्हरफ्लो’ हें प्रश्नोत्तरांचें स्थळ उघडलें. येथील मूळ विचार निराळा होता. विचारणाऱ्याची अडचण निवारणें हा गौण हेतु. तीच अडचण घेऊन पांच वर्षांनीं जो येईल, त्याच्यासाठीं नीटनेटकी नोंद ठेवणें हा मुख्य. म्हणून गप्पा वर्ज्य, केवळ मतभेदाचे विषय वर्ज्य, एकदां विचारलेला प्रश्न पुन्हां विचारणें वर्ज्य. आणि कोणाच्याहि प्रश्नावर इतरांनीं लेखणी चालवावी, ही मुभा. आरंभींचा नमस्कार व शेवटचे आभार तर निरुपयोगी म्हणून छाटले जात. ‘सा. न. वि. वि.’ लिहिल्यावांचून ज्यांचें पत्र पुढें सरत नसे, अशा आपल्या लोकांस हें केवढें चमत्कारिक वाटलें असेल! आपला विद्यार्थी गुरुजींस ‘शंका’ विचारतो. तीच इंग्रजींत लिहितांना तो ‘डाउट’ लिहितो. इंग्रजाच्या कानास त्यांतून जिज्ञासा ऐकूं न येतां अविश्वास ऐकूं येतो. विनयानें योजलेला शब्द असा उद्धट ठरतो.

या स्थळाची राज्यव्यवस्थाहि पाहण्यासारखी आहे. नव्याच्या पदरीं १ गुण. लोकांनीं त्याचें लिखाण पसंत केलें म्हणजे गुण वाढतात. १५ गुणांवर दुसऱ्याचें लिखाण उचलून धरण्याचा, ५० वर कोठेंहि टीप जोडण्याचा, ३,००० वर प्रश्न बंद करण्याकरितां मत देण्याचा अधिकार येई. अशीं पांच मतें पडलीं (२०१९ पासून तीनच) कीं प्रश्न बंद. या सर्वांवर निवडून आलेले, बिनपगारी नियामक. बंद करणाऱ्यांच्या मतें ही शिक्षा नव्हेच. प्रश्न सुधारून आणण्याकरितां दिलेली ती सवड आहे. विचारणाऱ्यास मात्र तोंडावर दार लोटल्यासारखें होई. आम्हांस दोन्ही पक्षांची कणव येते. त्या काळीं दिवसाकाठीं हजारों प्रश्न येत, त्यांत कॉलेजचा गृहपाठ जसाच्या तसा उतरवलेलेहि पुष्कळ. फुकट राबणाऱ्याचा संयम किती पुरणार? पण आपण पांच वर्षांनंतरच्या कोणा परक्यासाठीं लिहीत आहों, हें पहिल्यानेंच आलेल्या माणसानें ओळखावें तरी कसें? तें सांगणारें पान होतें. परंतु अडलेला मनुष्य नियमावली वाचीत बसत नाहीं.

एप्रिल २०१८ मध्यें चालकांनींच जाहीर कबुली दिली कीं, नवागतास येथें आपुलकी वाटत नाहीं. ऑगस्टांत नवी आचारसंहिता आली. तिनें फारसें साधलें असें आम्हांस वाटत नाहीं. पुढें नोव्हेंबर २०२२ मध्यें ‘चॅटजीपीटी’ हें बोलकें यंत्र अवतरलें. त्याचीं उत्तरें दिसण्यांत चोख, पण पुष्कळदां चुकीचीं. म्हणून डिसेंबरांतच नियामकांनीं त्यांस बंदी केली. २०२३ सालीं कंपनीनें या बंदीच्या अंमलबजावणीवर निर्बंध घातले, तेव्हां जूनच्या ५ तारखेस अनेक नियामकांनीं संप पुकारला. तो ऑगस्टांत तडजोडीनें मिटला. एवढ्या अवधींत प्रश्नकर्ते मात्र निघून चालले होते. यंत्रास तोच प्रश्न दहादां विचारला तरी तें रागावत नाहीं, आणि नमस्कारहि छाटीत नाहीं.

मे २०२४ मध्यें कंपनीनें हा उत्तरसंग्रह यंत्राच्या कर्त्यांस वापरूं देण्याचा करार केला. संतापून कित्येकांनीं आपलीं जुनीं उत्तरें पुसण्यास आरंभ केला. प्रश्न हा विचारणाऱ्याचा नसतो, असें ज्यांनीं इतकीं वर्षें नव्यांस ऐकविलें, त्यांस आतां उत्तरहि देणाऱ्याचें नसतें असें कळलें: पुसलेला मजकूर पूर्ववत् करण्यांत आला, आणि पुसणाऱ्यांपैकीं कांहींचीं खातीं कांहीं दिवस गोठविण्यांत आलीं.