स्वीडनची संकट-पुस्तिका
युद्ध आल्यास नागरिकांनी काय करावे, हे सांगणारी पुस्तिका स्वीडनच्या शासनाने १९४३ मध्ये घरोघरी पोहोचवली होती. शीतयुद्धानंतर मागे पडलेला हा प्रघात २०१८ मध्ये पुन्हा सुरू झाला आणि पुस्तिका सुमारे ४८ लाख घरांत गेली; २०२४ मध्ये सुधारित आवृत्ती निघाली. वीज, पाणी, बँका बंद पडल्या तरी प्रत्येक घराने किमान आठवडाभर स्वबळावर तग धरावा, ही तिची अपेक्षा. टिकाऊ अन्न, माणशी रोज तीन लिटर पाणी, बॅटरीवरचा रेडिओ आणि रोख रक्कम. रोखीचा व्यवहार जवळपास विसरलेल्या देशात हा सल्ला विशेष बोलका आहे. धडधाकटांनी स्वतःचे निभावले, तर अपुरी शासकीय मदत प्रथम वृद्ध, आजारी व असहाय यांना मिळते, हा त्यामागील हिशेब.