वणव्यांतील जखमी आणि राष्ट्राचें देणें

अमेरिकेंतील आयडाहो व मॉन्टाना या डोंगराळ राज्यांत १९१० सालच्या ऑगस्ट महिन्यांत, २० व २१ या दोन तारखांस, असा वणवा भडकला कीं सुमारें ३० लक्ष एकर रान त्यांत जळून गेलें आणि आग विझविणारे ७८ लोक प्राणांस मुकले. हें रान बहुतांशीं राष्ट्राच्या मालकीचें होतें. त्याच्या राखणीसाठीं १९०५ सालीं सरकारनें स्वतंत्र वनखातेंही स्थापिलें होतें. आग लागली कीं खाणींतून, गुत्त्यांतून मिळतील तीं माणसें ताशीं २५ सेंट मजुरीनें डोंगरांत धाडावयाचीं, अशी त्या खात्याची रीत होती. भाजलेल्या माणसास परत आणण्याची मात्र नांव घेण्याजोगी तजवीज नव्हती.

वॉलेस गांवच्या एडवर्ड पुलास्की या वनरक्षकावर त्या रात्रीं सुमारें ४५ माणसांचा भार होता. तरुणपणीं खाणींत काम केलेलें असल्यामुळें डोंगरांतील एक जुना बोगदा त्याच्या ध्यानांत होता. सर्वांस त्यानें आंत लोटलें, तोंडाशीं ओल्या घोंगड्या लावल्या, आणि घाबरून बाहेर धांवूं पाहणाऱ्यांस पिस्तूल दाखवून थोपविलें. अखेर तो स्वतः बेशुद्ध पडला. पहांटे लोक शुद्धीवर आले तेव्हां पांच जण गतप्राण झालेले होते. उरलेले, जळक्या जोड्यांनिशीं, कित्येक मैल धडपडत गांवीं पोंचले. डोळे व फुप्फुसें दुखावलेला पुलास्की इस्पितळांत पडून राहिला.

खर्चाचा प्रश्न यानंतर उभा राहिला. सरकारी नोकरांच्या भरपाईचा १९०८ सालचा कायदा होता खरा. परंतु तो शस्त्रागारें, नाविक गोद्या अशा कांहीं ठिकाणच्या मजुरांपुरताच होता. त्यांतही फार तर एक वर्षाचें वेतन मिळे, औषधपाण्याचा खर्च नाहींच. वनखात्याच्या लोकांस त्याचा आधार मिळाला तो १९१२ सालीं. तोंपर्यंत तुटपुंज्या पगाराच्या वनरक्षकांनींच जखमींसाठीं आपल्या खिशांतून वर्गणी काढली. ज्यांनीं आग विझविली त्यांनींच इस्पितळाचें देणें भागवावें, हा न्याय विचित्रच म्हटला पाहिजे. पुलास्कीस सरकारकडून भरपाई मिळाली नाहीं. पुढें १९२३ सालीं त्या रात्रीची हकीकत लिहून त्यानें एका मासिकाच्या स्पर्धेंत ५०० डॉलर मिळविले. मृतांच्या थडग्यांची निगा तो स्वतःच राखी.

१९१६ च्या कायद्यानें स्थिति पालटली. औषधोपचार सरकारकडे आला. पूर्ण अपंगास वेतनाच्या दोनतृतीयांश, आणि विधवेस वेतनाच्या शेंकडा ३५ इतकी रक्कम, मुलांस वेगळा हिस्सा, असें ठरलें. चूल पेटती राहील एवढी सोय झाली.

कायद्यानें कुटुंबास आधार दिला, परंतु रानांत रक्त वाहत असतां कायदा कामास येत नाहीं. २००८ सालच्या जुलै महिन्यांत कॅलिफोर्नियांतील एका वणव्यावर झाड पडून १८ वर्षांचा एक तरुण जायबंदी झाला. त्या दिवशीं धूर, अवघड वाट व निरोपांचा घोळ यांत तीन तासांहून अधिक वेळ गेला, आणि तो वाचला नाहीं. तेव्हांपासून डोंगर चढण्यापूर्वीं तुकडीच्या नायकानें तीन प्रश्नांचीं उत्तरें ठरवून ठेवावयाचीं असतात: कोणी जखमी झाला तर काय करावयाचें, त्यास बाहेर कसें न्यावयाचें, आणि इस्पितळापर्यंत पोंचण्यास किती वेळ लागेल.