मोबाईलवर छान दिसणारा फोटो घरी प्रिंट केल्यावर का बिघडतो?

घरातलं कुणी गेलं की दोन-चार दिवसांत एक काम हमखास निघतं. तसबिरीसाठी चांगला फोटो शोधायचा. फॅमिली ग्रुपवर कुणीतरी आजोबांचा हसरा फोटो टाकतं, तो सगळ्यांना आवडतो, घरच्याच प्रिंटरवर ए-फोर कागदावर काढला जातो आणि हातात येतो एक काळपट, धुरकट चेहरा. पापण्या, मिशा, केस सगळं एकात एक मिसळलेलं. बारशाच्या, वाढदिवसाच्या फोटोंचंही असंच होतं, फक्त तिथे एवढं मनाला लागत नाही.

अशा वेळी सगळे प्रिंटरला नावं ठेवतात. पण बऱ्याचदा फोटो प्रिंटरपर्यंत पोहोचण्याआधीच बिघडलेला असतो.

ग्रुपवर आलेला फोटो मूळ फोटो नसतो

नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो व्हॉट्सॲप लहान करून पुढे पाठवतं, म्हणजे डेटा कमी लागतो आणि फोटो पटकन पोहोचतो. १२ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याने काढलेला फोटो ४००० × ३००० पिक्सेलचा असतो, म्हणजे त्यात १ कोटी २० लाख ठिपके असतात. ग्रुपवर पोहोचेपर्यंत तो साधारण १६०० × १२०० चा होतो. उरतात १९ लाख २० हजार ठिपके. सहा हिश्श्यांतले पाच हिस्से वाटेतच गळाले! मोबाईलचा स्क्रीन तळहाताएवढा, त्यामुळे तिथे ही गळती कळत नाही. कागद मोठा झाला की ती उघडी पडते.

इन्स्टाग्रामवरून उतरवलेला फोटो याहून लहान असू शकतो. सगळ्यात वाईट म्हणजे स्टेटसचा स्क्रीनशॉट. उभ्या स्क्रीनवर आडवा फोटो दिसत असेल, तर त्याची रुंदी स्क्रीनच्या रुंदीएवढीच, म्हणजे बऱ्याच फोनवर १०८० पिक्सेल, आणि वर कुणाचं तरी नाव आणि वेळही त्यात आलेली.

म्हणून पहिलं काम म्हणजे ज्याच्या फोनने फोटो काढला त्याला गाठणं. त्याने तो व्हॉट्सॲपवरच पाठवायचा असेल, तर गॅलरीतून न पाठवता 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावा. तसा पाठवला की फाईल आहे तशी पोहोचते. २०२३ पासून 'एचडी'चाही पर्याय आहे, तो नेहमीपेक्षा बराच बरा, पण मूळ फाईलची सर त्याला नाही. ईमेल, ड्राईव्हची लिंक किंवा सरळ केबल लावून कॉम्प्युटरवर घेणं, हे मार्ग आहेतच. फोन बदलला असेल तर गूगल फोटोज तपासावं. तिथे 'स्टोरेज सेव्हर' चालू असलं, तरी १६ मेगापिक्सेलपेक्षा मोठे फोटोच १६ वर आणले जातात, आणि ए-फोरसाठी तेवढे पुरून उरतात.

कुठला फोटो किती मोठा निघेल?

हिशोब सोपा आहे. फोटोच्या लांब बाजूचे पिक्सेल घ्यायचे आणि कागदाच्या लांब बाजूच्या इंचांनी भागायचे. उत्तर ३०० च्या आसपास आलं तर प्रिंट उत्तम, २०० असेल तर चालण्यासारखी. १५० च्या खाली गेलं तर ती भिंतीवर लांबूनच बघावी.

ग्रुपवरचा १६०० पिक्सेलचा फोटो ४ × ६ इंचाच्या कागदावर काढला तर दर इंचाला २६७ पिक्सेल पडतात. अगदी ठीक. तोच ए-फोरवर ताणला तर १३७. चेहरा धुरकट का आला, याचं उत्तर या आकड्यात आहे. ए-फोर भरून स्वच्छ प्रिंट हवी असेल तर ३५०८ × २४८० पिक्सेल लागतात.

प्रिंटरच्या खोक्यावर ५७६० × १४४० डीपीआय असा दणदणीत आकडा छापलेला असतो, त्याचा या हिशोबाशी संबंध नाही. तो शाईच्या थेंबांचा आकडा आहे. फोटोतल्या एका पिक्सेलचा रंग दाखवायला प्रिंटरला असे अनेक थेंब टाकावे लागतात. मूळ फोटोत जे नाही ते कुठल्याही डीपीआयने कागदावर येत नाही.

पण समजा मूळ फाईल मिळालीच नाही, फोन हरवला, ग्रुपवरची प्रतच काय ती उरली. मग हट्टाने मोठा फोटो काढू नये. ५ × ७ इंचाची प्रिंट काढावी (दर इंचाला जवळपास २२९ पिक्सेल) आणि फ्रेमवाल्याकडून भोवती रुंद पांढरा माउंट लावून ती मोठ्या चौकटीत बसवून घ्यावी. भिंतीवर तसबीर मोठीच दिसते आणि चेहराही स्वच्छ राहतो. फोटो 'एआय'ने मोठा करून देणारी ॲप आहेत, पण माणसाच्या चेहऱ्यासाठी ती जपून वापरावीत. ती हरवलेले ठिपके परत आणत नाहीत, अंदाजाने नवे भरतात. सुरकुत्या गुळगुळीत होतात, कपाळावरचा व्रण पुसला जातो, आणि फोटो सुंदर असूनही घरातले म्हणतात, "हे आजोबा वाटत नाहीत."

फोटो जुन्या अल्बममधला असेल तर मोबाईलने त्याचा फोटो काढण्यापेक्षा तो स्कॅन करावा, नाहीतर चकचकीत कागदावर ट्यूबलाईटचं प्रतिबिंब उमटतंच. साडेतीन × पाच इंचाचा जुना फोटो ६०० डीपीआयवर स्कॅन केला की २१०० × ३००० पिक्सेल मिळतात. दुप्पट मोठी प्रिंट आरामात निघते.

डोकी का कापली जातात?

मोबाईलचा फोटो सहसा ४:३ प्रमाणात असतो आणि ४ × ६ चा कागद ३:२ प्रमाणात. कागद पूर्ण भरायचा तर फोटोचा सुमारे ११ टक्के भाग वर-खाली कापावा लागतो. ग्रुप फोटोत मागच्या रांगेतल्या उंच काकांचं डोकं जातं ते इथेच. त्यात 'बॉर्डरलेस' निवडलं की प्रिंटर फोटो किंचित मोठा करतो आणि कडा आणखी थोड्या जातात. प्रिंटरवर सोडून देण्यापेक्षा आधी स्वतःच्या हाताने क्रॉप केलेलं बरं. किंवा पांढरी किनार ठेवावी.

प्रिंट काळपट का येते?

स्क्रीन स्वतः प्रकाश फेकतो, कागद खोलीतला प्रकाश परतवतो. फोनचा ब्राईटनेस पूर्ण ठेवून 'वा, मस्त' म्हटलेला फोटो कागदावर निस्तेज दिसणारच. त्यामुळे फोनचा किंवा मॉनिटरचा ब्राईटनेस निम्म्यावर आणून फोटो बघावा. तेव्हा जर तो काळोखी वाटला तर एडिटिंगमध्ये सावलीतला भाग थोडा उजळ करावा. सावळ्या चेहऱ्यांचे, घरात ट्यूबलाईटखाली काढलेले फोटो याने विशेष सुधारतात.

घरगुती इंकजेट प्रिंटरमध्ये पांढरी शाई नसते. आजोबांचा पांढरा फेटा कागदावर दिसतो तो कागदाचाच पांढरेपणा. कागद पिवळट असेल तर फेटाही पिवळट.

पूर्ण ए-फोर वाया घालवण्याआधी चेहऱ्याचा तेवढाच तुकडा, अंतिम प्रिंटमध्ये जेवढा मोठा येणार तेवढाच, लहान फोटो पेपरवर काढून दिवसाउजेडी खिडकीपाशी बघावा. एवढ्या एका चाचणीने महागडे कागद वाचतात.

एक सेटिंग जे बहुतेक जण बदलत नाहीत

प्रिंटरमध्ये महागडा ग्लॉसी कागद घातला, पण सेटिंगमध्ये 'प्लेन पेपर'च राहिलं. घरगुती प्रिंटिंगमध्ये सर्रास होणारी चूक ही. साधा कागद शाई शोषतो, फोटो पेपर त्याच्यावरच्या खास थरात ती धरून ठेवतो. कुठल्या कागदावर किती शाई सोडायची हे प्रिंटर या सेटिंगवरून ठरवतो. चुकीचं सेटिंग असेल तर रंग फिके पडतात, पट्टे येतात किंवा शाई ओली राहून बोटाला लागते. काही टँक प्रिंटरमधली काळी शाई ग्लॉसी कागदावर नीट धरत नाही. फोटो पेपर निवडला की असा प्रिंटर ती बाजूला ठेवून रंगीत शाया मिसळून काळा रंग तयार करतो. मोबाईलच्या साध्या प्रिंट पर्यायात कागदाचा प्रकार कधीकधी दिसतच नाही, म्हणून प्रिंटर कंपनीचं ॲप वापरावं आणि क्वालिटी 'हाय' ठेवावी.

पाकिटावरचा जीएसएम म्हणजे कागदाचं वजन. १८० चा कागद अल्बमला पुरतो, २३० च्या पुढचा हातात भरदार वाटतो, पण रंग किती चांगले येतील हे त्यावरच्या थरावर ठरतं. काचेमागे लावायच्या तसबिरीला मॅट कागद चांगला. काचेची चमक असतेच, तिच्यात कागदाची भर कशाला?

लेझर प्रिंटरमध्ये इंकजेटचा ग्लॉसी कागद चुकूनही घालू नये. लेझर प्रिंटर उष्णतेवर चालतो, कागदावरचा थर आतल्या गरम रोलरवर वितळून चिकटतो आणि दुरुस्ती महागात पडते. फक्त ४ × ६ चेच फोटो काढायचे असतील, तर छोटे डाय-सब्लिमेशन प्रिंटर हा वेगळा पर्याय आहे. त्यांत शाई ओतायची नसते, पिवळा, किरमिजी, निळा असे रंग एकामागून एक कागदावर चढतात आणि शेवटी पारदर्शक थर बसतो. प्रिंट लगेच कोरडी असते. मात्र रिबन आणि कागद त्याच कंपनीचे घ्यावे लागतात. लग्नाचे दोनशे फोटो हवे असतील तर हे सगळं सोडून लॅबमध्ये जाणंच स्वस्त.

फ्रेम करण्याआधी

इंकजेटची प्रिंट हाताला कोरडी लागली तरी दिवसभर उघडी ठेवावी, मग काच लावावी. घाईत काच लावली तर आत वाफ धरते. प्रिंट काचेला टेकू नये, नाहीतर दमट हवेत ती चिकटते आणि मग निघत नाही. माउंटमुळे मधे आपोआप फट राहते. उन्हाच्या झोताची भिंत टाळावी, घरगुती प्रिंटरच्या बऱ्याच शाया उन्हाने उडतात. ताजा हार घालायचा तर तो आधी झटकून घ्यावा, कारण फुलांचं पाणी फ्रेमच्या कडेतून आत उतरतं.

उरलेला कागद मूळ पाकिटात बंद करून आडवा ठेवावा. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात उघडा राहिलेला फोटो पेपर दोन दिवसांत वळतो. प्रिंटर महिनोन्महिने बंद राहिला तर शाई नोझलमध्ये सुकते, म्हणून आठवड्यातून एखादं रंगीत पान काढत राहावं. फोटो काढायच्या दिवशी आधी 'नोझल चेक' करावं. रेघा तुटक आल्या तरच हेड क्लीनिंग करावं, कारण दर क्लीनिंगला शाई खर्च होते. दोन-तीनदा करूनही रेघा तुटक राहिल्या तर प्रिंटर काही तास तसाच ठेवून पुन्हा बघावं.