वाळूढीग प्रतिमान
चौकटींच्या जाळ्यावरील कणांच्या घसरणीचे गणितीय प्रतिमान. शेजारच्या स्थितीनुसार बदलणाऱ्या चौकटींच्या रचनांचा, म्हणजेच सेल्युलर ऑटोमेटांचा, हा एक प्रकार असून पेर बाक व सहकाऱ्यांनी तो १९८७ मध्ये मांडला. चौकटीत चार कण जमताच ती चारही शेजाऱ्यांना एकेक कण देते. कडेचे कण जाळ्याबाहेर पडतात. एका कणाने केव्हा काहीच घडत नाही, तर केव्हा मोठी घसरण होते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील दीपक धर यांनी १९९० मध्ये सिद्ध केले की, चौकटी कोणत्याही क्रमाने कोसळल्या तरी अखेरची स्थिती एकच असते. त्यामुळे पुनःपुन्हा येणाऱ्या स्थितींची संख्या नेमकी काढता आली. अशी अचूक उत्तरे या क्षेत्रात विरळाच. तथापि भाकिताला मर्यादा आहेत. गोलेस व मार्गेनस्टर्न यांनी १९९७ मध्ये दाखविले की, अमर्याद जाळ्यावर अशाच कणवाटपाने कोणतेही संगणन करता येते. साहजिकच, तेथील घसरण थांबेल की नाही, हे ठरविण्याची सर्वसाधारण रीत असू शकत नाही.