सत्तावन्नचे कोडे

समजा, एका गावात प्रत्येकाची फक्त तिघांशीच ओळख आहे. अट अशी, की कुठल्याही दोघांची एकतर थेट ओळख हवी, नाहीतर मध्ये एकच माणूस हवा. असे गाव जास्तीत जास्त केवढे असेल?

हिशेब सोपा आहे. मी एक, माझ्या ओळखीचे 3, आणि त्या प्रत्येकाच्या ओळखीचे मला सोडून आणखी 2, म्हणजे 6. झाले 10. थोडक्यात, ओळखींच्या संख्येचा वर्ग अधिक एक.

गणितात माणूस म्हणजे बिंदू, ओळख म्हणजे रेघ, आणि अशा जाळ्याला म्हणतात ग्राफ. (शाळेतल्या आलेखाच्या कागदाशी याचा संबंध नाही!) 10 बिंदूंचे हे जाळे खरोखर आहे. बाहेर पंचकोन, आत पाच टोकांची चांदणी आणि दोघांना जोडणाऱ्या 5 रेघा. डॅनिश गणिती पीटरसन यांनी ते 1898 मध्ये मांडले, म्हणून नाव त्यांचे. खरे तर केम्पे यांनी ते 1886 मध्येच काढले होते. असो.

प्रत्येकी 4 ओळखी असतील तर हिशेबाने 17 बिंदू यायला हवेत, पण असे जाळे बनतच नाही. मग बनते तरी कधी? एडवर्ड मूर यांनी विचारलेल्या या प्रश्नाला हॉफमन आणि सिंगलटन यांनी 1960 मध्ये उत्तर दिले: ओळखी फक्त 2, 3, 7 किंवा 57 असतील तरच. 2 म्हणजे साधा पंचकोन. 7 साठी त्यांनी 50 बिंदूंचे जाळे बांधूनही दाखवले. 5 पंचकोन आणि 5 चांदण्या घेऊन ते रचता येते. सममिती तर इतकी, की सगळ्या ओळखी जशाच्या तशा ठेवून बिंदूंच्या जागा 2,52,000 प्रकारे बदलता येतात.

उरले 57. त्यात बिंदू 3250 आणि रेघा 92,625. असे जाळे आहे की नाही, याचा सर्वमान्य निकाल आजही लागलेला नाही.

मला खरी गंमत पुढे वाटते. ग्रॅहम हिग्मन यांनी सिद्ध केले, की हे जाळे असलेच तर त्यातले सगळे बिंदू एकसारखे असू शकत नाहीत. 2010 मध्ये माचाय आणि शिरान्य यांनी दाखवले, की त्याच्या सममिती फार तर 375 असतील. एवढ्या मोठ्या जाळ्यात फक्त 375!

आधीची जाळी हाती लागली ती सममितीमुळे. एक कोपरा कळला की बाकीचे आपोआप कळत. इथे तो आधार जवळजवळ नाहीच. परिपूर्ण गोष्ट सुडौल असणार, हे आपण किती सहज गृहीत धरतो ना? इथे मात्र हिशेबात तंतोतंत बसणारे जाळे असलेच, तर ते बरेच बेढब असणार.

पीटरसनचे जाळे एकदा कागदावर काढून बघाच. कुठलेही दोन बिंदू घ्या, दोन पावलांत पोचता.