खिळे, कुलपे आणि अक्षरे

जावजी दादाजींनी १८६९ साली मुंबईस निर्णयसागर छापखाना काढला. त्यांचा खिळे ओतण्याचा कारखानाही होता, आणि तिथले खिळे गावोगावचे छापखानेवाले विकत नेत. व्यवहारातल्या एका बारकाव्यासाठी ही गोष्ट मुद्दाम सांगतो आहे. शिशाचा खिळा एकदा घेतला की तो घेणाऱ्याचा झाला. त्याने त्यातून पंचांग छापावे, लग्नपत्रिका छापावी, झिजल्यावर वितळवून टाकावा. विकणाऱ्याला विचारण्याचे कारण नव्हते.

आमच्या शहरात, आजच्या छत्रपती संभाजीनगरात आणि तेव्हाच्या औरंगाबादेत, मराठी छपाईला बरकत उशिरा आली. (कागदाची वाण मात्र नव्हती, दौलताबादेजवळचे कागजीपुरा हे गावच मुळी हातकागदाचे.) निजामाच्या अमदानीत दरबारी कारभार उर्दूत चाले. १९४८ नंतर वारे फिरले, आणि १९५८ साली इथे विद्यापीठ निघाल्यावर जुळाऱ्यांच्या बोटांना काम मिळाले.

पुढे, १९९० च्या सुमारास, संगणक आला आणि खिळ्यांची घरे रिकामी झाली. पुण्याच्या मॉड्युलरची श्रीलिपी, आकृती, सीडॅकची आयएसएम अशी नावे छापखान्यांतून ऐकू येऊ लागली. या मंडळींचे उपकार विसरता कामा नयेत. तेव्हा परदेशातल्या कुणा कंपनीला मराठी जोडाक्षरांची काळजी पडली नव्हती. ज्यांनी ती वाहिली त्यांनी पदरचे पैसे घालून वाहिली, आणि वळणदार अक्षरांचे शेकडो नमुने छोट्या दुकानदाराच्या हाती दिले. पैसे वसूल व्हावेत म्हणून संगणकाच्या पाठीमागे खोचायचे एक चिमुकले कुलूप पुष्कळदा सोबत येई. ते नसेल तर काम बंद.

पण खरे कुलूप निराळेच होते. या फाँटांनी इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठीचे तुकडे बसवले : इथे अर्धा स, तिथे काना, पलीकडे रफार. म्हणजे वर्णमाला संगणकात गेलीच नाही, गेली ती जुळाऱ्याची पेटी. शिवाय प्रत्येक कंपनीच्या पेटीतली घरे वेगळी. वास्तविक १९९१ साली भारतीय मानक संस्थेने ‘इस्की’ हा सर्वांना खुला असा संकेत ठरवून दिला होता. छपाईच्या बाजारात त्याला कुणी फारसे विचारले नाही.

याचा जाच काय होतो ते मी जवळून पाहिले आहे. माझ्या परिचयाच्या एका कुटुंबातल्या आजोबांनी हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या आठवणी लिहिल्या होत्या. १९९७ साली त्या इथेच छापल्या गेल्या. नातवाला दुसरी आवृत्ती काढायची होती. फाइल जपून ठेवलेली, पण उघडली तर पडद्यावर इंग्रजी मुळाक्षरांची खिचडी! तो फाँट आता कुणाकडे नव्हता. छापील प्रत पुढ्यात घेऊन दोनशे पाने नव्याने टंकावी लागली. ती एक प्रत घरात उरली नसती तर?

या खिचडीवरचा उतारा म्हणजे युनिकोड. त्यातले देवनागरीचे कोष्टक इस्कीच्याच १९८८ च्या आराखड्यावर बेतलेले. त्यात ‘क्ष’ म्हणजे क, हलन्त आणि ष एवढेच नोंदले जाते. ते जुळवून दाखवणे फाँटाचे काम. विंडोज २००० बरोबर र. कृ. जोशी यांचा ‘मंगल’ आला. तरीही आमच्याकडचे छापखानेवाले जागचे हलेनात, आणि मी त्यांना दोष देणार नाही. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ ची. तिला युनिकोड ठाऊकच नाही. ‘मंगल’चे ल आणि श हिंदी वळणाचे, ते मराठी पत्रिकेत कोण चालवून घेणार? ‘ॲ’ला तर युनिकोडात स्वतःची जागा २००८ साली मिळाली. खुल्या वाटेवर बरीच वर्षे खडीच पसरलेली होती.

ती वाट रुळली ती हळूहळू. रेड हॅटने ‘लोहित’ दिला, मुंबईच्या एक टाइपने ‘मुक्ता’. अशा फाँटांच्या परवान्यात अक्षर बदलण्याची, नवे घालण्याची मुभा असते. बदललेला फाँट मात्र पुन्हा त्याच परवान्याने द्यावा लागतो आणि नुसता विकता येत नाही. शिशाच्या खिळ्याचे स्वातंत्र्य परत आले म्हणा, वर थोडे अधिकच. फुकट मिळणाऱ्या स्क्रायबसलाही जोडाक्षरे नीट जुळवता येऊ लागली, पण त्याला २०१७ साल उजाडले.

अक्षरे जुळवणारा हा नवा जुळारी कोण, याचे मला कुतूहल होते. बेहदाद इस्फहबोद या इराणी-कॅनडियन गृहस्थाने वाढवलेला ‘हार्फबझ’ नावाचा हा खुला प्रोग्राम फायरफॉक्समध्ये आहे, अँड्रॉइडमध्ये आहे, आणि गंमत म्हणजे दाम मोजून घ्यावा लागणारा इन्डिझाइनही आता त्याचाच आधार घेतो. नाव फारसी : हर्फ म्हणजे अक्षर, बाज म्हणजे उघडे. शहागंजातल्या एखाद्या उर्दू जाणणाऱ्या म्हाताऱ्या कातिबाला ते सांगितले, तर निम्मे तरी त्याला आपोआप उलगडावे.