शिडाच्या होडीतले यंत्र

हिंगोली जिल्ह्याला समुद्र नाही. तेथे डिझेल इंजिन म्हटले की विहिरीच्या काठी धडधडणारे यंत्र आठवते. १९४६ साली पुण्यात किर्लोस्करांचा ऑइल इंजिनांचा कारखाना निघाला आणि पुढे गावोगावी मोटेच्या बैलांना विसावा मिळाला. कोकणकिनाऱ्यावर अशाच जातीचे यंत्र होडीच्या पोटात गेले; तेथील कथा मात्र अधिक गुंतागुंतीची आहे.

स्वातंत्र्यानंतर सरकारी कर्जाच्या आधाराने वसई, उत्तन, सातपाटीच्या शिडाच्या होड्यांवर इंजिने बसू लागली. वारा पडला की नाखवा समुद्रातच अडके आणि बोंबील नासत. ती चिंता सरली. परंतु त्या होड्या घडल्या होत्या वाऱ्यासाठी. मागल्या लाकडाला भोक पाडून शाफ्ट बाहेर काढावा लागला, इंजिनाखाली भक्कम ओंडके घालावे लागले.

खरी परीक्षा ते पहिले इंजिन थकल्यावर येते. नवे इंजिन हलके असले तर होडीचा तोल बदलतो. ते अधिक वेगाने फिरणारे असले तर गिअर आणि पंखाही बदलावा लागतो. शाफ्ट किंचित तिरका बसला तरी होडी थरथरते, पाणी झिरपते. आमच्या मते येथे मेकॅनिकआधी सुताराला विचारावे. तळ कुजला असेल तर नव्या इंजिनाचे कर्ज व्यर्थ होय.

हे काम बहुधा पावसाळ्यातील मासेमारीबंदीत, होड्या शाकारलेल्या असताना निघते. घरात मिळकत नसते ती नेमकी त्याच दिवसांत.